घंटा रोमला गेल्या होत्या

इथे अमेरिकेत, आमच्या पिस्कॅटवेला वसंत आला की तो आधी नाकाला कळतो. आमच्या कम्युनिटी सेंटरच्या पार्किंग लॉटभोवती नासपतीची झाडं लावलेली आहेत. फळ न धरणारी, नुसती शोभेची. एप्रिलच्या तोंडावर ती एका रात्रीत पांढरीशुभ्र होतात आणि मग सगळ्या लॉटला सुकटीचा वास सुटतो. खोटं नाही सांगत. गाडीतून उतरणारी माणसं आधी वर बघून 'वॉव' म्हणतात आणि मग हळूच स्वतःच्या बुटांचे तळ तपासतात. मी इथे कित्येक वर्षं दर रविवारी येते, त्यामुळे मला त्या वासाचं आता काही वाटत नाही. उलट तो आला की मन तडक दुसऱ्याच नासपतींकडे धावतं. त्या झाडांना असला वास नव्हता. तिथे ओल्या मातीचा, शेणखताचा आणि दुरून येणाऱ्या लाकडाच्या धुराचा वास होता, आणि त्यावर ती पांढरी फुलं होती.

ऑस्ट्रियातल्या एका लहानशा कसब्यात मी एक वसंत काढला, त्याला खूप वर्षं झाली. कसबा हा शब्द मुद्दाम वापरते. त्याला खेडं म्हटलेलं तिथल्या लोकांना खपायचं नाही आणि शहर म्हणावं इतकं ते मोठं नव्हतं. कुठल्याशा ड्यूकनं कुठल्याशा शतकात त्यांना बाजार भरवायचा हक्क दिला होता आणि तो मान अजून गावाच्या नावाला चिकटून होता. प्रत्यक्षात बाजार म्हणजे शुक्रवारी चौकात लागणारी एक चीजची गाडी, एक भाजीवाली आणि कोंबड्या भाजून विकणारा एक ट्रक. लांबट चौक, दोन्ही बाजूंना पिवळी, गुलाबी, पोपटी घरं, मध्ये कारंजं, आणि या सगळ्याच्या डोक्यावर, टेकाडावर, मठ. दोन मनोरे, त्यांवर कांद्याच्या आकाराचे घुमट. गावात कुठेही उभं राहिलं तरी मठ दिसायचाच. त्याच्या मागच्या उतारावर नासपतीच्या बागा होत्या. त्या नासपती खायच्या नसतात, तुरट असतात. त्यांचा रस आंबवून सुरईतून पितात. मी तेव्हा पुण्यातल्या एका कंपनीत होते, आणि गावाबाहेरच्या लाकूड कारखान्यात वखारीचं सॉफ्टवेअर बसवायला मला धाडलं होतं. हिवाळा सरत होता तेव्हा गेले आणि उन्हाळा लागायच्या आत परत आले.

एरवी ही आठवण येते आणि जाते. यंदा तिला नुसतं येऊन जाऊ देणं मला परवडणारं नव्हतं, कारण यंदा आमची रविवारची खोली हातची जायची वेळ आली होती.

आम्ही नागपूर, अमरावती, नांदेड, मुंबई अशा ठिकठिकाणचे बौद्ध लोक इथे दर रविवारी सकाळी वंदनेला जमतो. जमतो म्हणजे जमायचो. चौदा एप्रिलच्या जयंतीला शाळेचा मोठा हॉल भरतो, निळे झेंडे लागतात, पोरं भाषणं करतात, पुलाव कमी पडतो. रविवारी मात्र गेला अख्खा हिवाळा आम्ही दोघं-तिघं होतो. सेंटरचा नियम साधा आहे. खोली ज्यांना कायमची दिली आहे त्यांचे किमान पाच जण तरी यायला हवेत. डेस्कवरची डेनिस दर रविवारी वंदना सुरू झाल्यावर एक चक्कर मारते. आत डोकावत नाही, आम्हाला त्रास नको म्हणून. दाराबाहेरचे जोडे मोजते आणि जाते. मार्चच्या शेवटी तिनं मला थांबवलं. "प्रतिभा, मला हे सांगायला अजिबात आवडत नाहीये," ती म्हणाली, "पण लाइन डान्सिंगचा ग्रुप कधीचा वेटिंगवर आहे. पुढच्या रविवारी पाच झाले नाहीत, तर ही वेळ त्यांना द्यावी लागेल."

मेश्रामकाका शेजारीच उभे होते. ते नागपूरच्या वीज मंडळातून रिटायर झालेले, काकू गेल्यावर इथे मुलाकडे आलेले. त्यांना गाडी येत नाही. मुलगा-सून आठवडाभर कामावर, नातवंडं आपापल्या खोल्यांत. रविवारी मी त्यांना घ्यायला जाते तेव्हा ते पांढरा शर्ट घालून केव्हाचे दारात उभे असतात.

"त्यात काय येवढं," काका म्हणाले, "घरून दोन-चार जोड थैलीत घालून आणतो. माझ्या पोराच्या घरी बुटांचं दुकान आहे."

"काका!"

"मजाक करून राहिलो बाई." मग गाडीत बसल्यावर, पट्टा लावता लावता, ते बाहेर बघत म्हणाले, "रविवार गेला तर माझ्याकडे काय उरते मग? सोमवार."

मी गाडी काढली. पण त्या एका वाक्यानं माझं डोकं सणकलं ते सणकलंच.

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं. ग्रुप चालवणाऱ्या अमोलचा लगेच फोन आला. अमोल गुणी मुलगा आहे. जयंतीचा सगळा भार तोच उचलतो. "ताई, जरा रिअलिस्टिक होऊया ना यार," तो म्हणाला. "संडेला मुलांचं सॉकर असतं, कोडिंग क्लास असतो, ग्रोसरी असते. वीकली कॅन्सल करू. झूमवर घेऊ. जॉइन व्हायला सगळ्यांना इझी पडेल." मी म्हटलं, बघू. काकांना सांगितलं तर ते म्हणाले, "झूमवर सगळे म्यूट राह्यतात. वंदना म्यूटवर करतात का?" आणि खरंच आहे ते. आमची वंदना अशी की एकानं ओळ घ्यायची आणि सगळ्यांनी मागून म्हणायची. झूमवर सगळे एकदम म्हणायला लागले की प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी पोचतो आणि नुसती कालवाकालव होते. म्हणून सगळ्यांना म्यूट करावं लागतं. मग ओळ घेणारा एकटा स्क्रीनशी बोलत बसतो. महासाथीच्या काळात मी ते केलंय. पुन्हा करणार नाही.

जोड्यांवरून आठवलं. त्या मठात मी पहिल्यांदा गेले ते नुसतं बघायला. बाहेर अर्धवट वितळलेला बर्फ, आत संध्याकाळच्या प्रार्थनेचा आवाज. भलामोठा दरवाजा पाहिला आणि हात आपोआप बुटांच्या नाड्यांकडे गेले. विहारात जाताना काढतो, देवळात जाणारे काढतात, मग इथेही काढायचे, यात विचार करण्यासारखं काही आहे असं डोक्यातच आलं नाही. बूट दाराशी नीट जोडीनं ठेवले आणि मोज्यांवर आत गेले. एका मोज्याला अंगठ्याशी भोक होतं. त्या दगडी फरशीचा गारठा असा की पाय माझे आहेत की कारखान्यातल्या लाकडाचे तेच कळेना. लोक बूट घालून बसले होते हे माझ्या लक्षात आलं, पण आता उठून जाणं जास्त वाईट दिसलं असतं. बाहेर आले तर बूट गायब.

झालं होतं असं की मठाच्या द्वारपालानं दाराशी बेवारस बूट पाहिले आणि तो घाबरला. बायकांचे बूट, बर्फात, आणि बाई नाही. पलीकडे नदी. त्यानं चौकातल्या बेकरीत फोन केला, बेकरीनं आणखी कुणाला केला, आणि मी मोज्यांवर पायऱ्या उतरत होते तेव्हा खालून माझी घरमालकीण ट्राउडल धापा टाकत वर येत होती. तिच्या घरात माडीवरची खोली मी भाड्यानं घेतली होती. सत्तरीची, आडव्या बांध्याची, नवरा गेलेली बाई. मी मनातल्या मनात तिला ट्राउडलमावशी म्हणायचे. आमचं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं. तिनं माझ्याकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसून इतकी हसली की द्वारपाल बूट हातात घेऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात मला सगळ्यांनी पाय कसे आहेत ते विचारलं.

पण ट्राउडलमावशीनं माझं ते करणं चूक ठरवलं नाही. "तुमच्याकडे असंच करतात?" तिनं विचारलं. मी हो म्हटलं. तिनं कपाटातून जाड राखाडी लोकरी नमद्याच्या सपाता काढल्या. तिथे घराघरांत पाहुण्यांसाठी ठेवलेल्या असतात तशा. "मग या घेऊन जा. बूट काढ, या घाल." आणि तो सगळा मोसम मी बूट दाराशी काढून सपाता घालून मठात गेले. द्वारपाल माझे बूट उचलून त्याच्या खोलीतल्या हीटरपाशी ठेवायला लागला. परत निघताना ते गरम असायचे.

मी रोज का जायला लागले ते नीट सांगायला हवं. आईनंही फोनवर तेच विचारलं होतं. नागपूरला आमच्या वस्तीतल्या विहारात आई वंदना घ्यायची. पत्र्याचं छप्पर, एक ट्यूबलाइट, आणि लाइट गेली की मेणबत्ती. "तिथं जाऊन काय मागतेस?" आईनं विचारलं. मी म्हटलं, मागत काही नाही, बसते. "मग बस," आई म्हणाली, आणि भाजी काय मिळते ते विचारायला लागली.

मी बसायचे ते त्या मोजक्या साधूंना बघायला. मठ शंभर जणांसाठी बांधलेला. लांबच लांब ओसऱ्या, रंगवलेल्या छताचं ग्रंथालय, आणि राहायला उरलेले म्हातारे इतके थोडे की जेवणाच्या एका टेबलाभोवती सगळे मावावेत. चर्चच्या पुढच्या भागात समोरासमोर अक्रोडाच्या लाकडाची कोरीव आसनं होती, दोन्ही बाजूंना. हे म्हातारे जवळ जवळ बसायचे नाहीत. ज्याचं जे आसन त्यावर तो, मध्ये रिकाम्या जागा सोडून, अर्धे या बाजूला, अर्धे त्या बाजूला. एका बाजूनं एक कडवं म्हणायचं, दुसऱ्या बाजूनं पुढचं. आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर सगळे थांबायचे. चांगला एक श्वासभर. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी विसरलं. मग कळलं की ते थांबणं त्यातलंच आहे. त्या गप्प क्षणात आवाज छतापर्यंत जाऊन खाली यायचा, आणि मग उरलेली अर्धी ओळ. ऐकायला मागे आम्ही पाच-सहा जण, कधी नुसती ट्राउडलमावशी आणि मी. त्यांनी कधी मागे वळून किती आलेत ते पाहिलं नाही. मला त्यांचा हेवा वाटायचा.

आता मी काही भाबडी नाही. सोन्यानं मढवलेली वेदी पाहिली की मला आधी ते सोनं कुणी वाहून आणलं असेल ते आठवतं. ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी दुसऱ्यांच्या देवळांचे दगड वाहिले आणि ज्यांना आत पाऊल टाकू दिलं नाही, त्यांच्या घरात मी वाढले. एकदा परत येताना मी ते ट्राउडलमावशीला विचारलं, जरा टोचूनच. एवढा मोठा मठ, हे दगड कुणाच्या पाठीवरून चढले?

"आमच्याच," ती म्हणाली. तिच्या घराण्यातले लोक मठाच्या जंगलात लाकूड तोडायचे, पिढ्यान् पिढ्या. आजोबा मठाचं कूळ, आजी मठाचे कपडे धुवायची. "साधूंसाठी जाते असं वाटतं तुला? दगड आमच्या लोकांनी चढवले. घंटा आमच्या लोकांनी वर ओढल्या. मी कुणाला सोडून देऊ ते?" हे बोलताना ती थांबलीसुद्धा नाही. हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि चालत राहिली.

त्या वर्षी ईस्टर उशिरा आला, त्यामुळे नासपती फुललेल्या होत्या. ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी संध्याकाळी मठाच्या सगळ्या घंटा एकदम वाजल्या, खूप वेळ वाजल्या, आणि बंद झाल्या. शनिवारी रात्रीपर्यंत त्या वाजत नाहीत. दुःखाचे दिवस म्हणून. मी विचारलं, घंटांना काय झालं? ट्राउडलमावशी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "रोमला गेल्या. शनिवारी येतील." लहान मुलांना सांगतात तसं तिनं मला सांगितलं होतं, पण हसली नाही.

घंटा नसल्या म्हणून गावानं वेळ चुकवायची नसते. त्या दिवसांत शाळेतली मुलं लाकडाची वाद्यं घेऊन पहाटे, दुपारी आणि संध्याकाळी गल्लीगल्लीतून फिरतात आणि घंटेचं काम करतात. त्याला रात्शे म्हणतात. जत्रेत हातात धरून गरगर फिरवायचं, करकर वाजणारं खेळणं मिळतं ना, त्याचा हा थोरला भाऊ. एक लाकडी पेटी, तिला दांडा. फिरवला की आतल्या पट्ट्या एकामागून एक आपटतात आणि रस्त्यावर कुणी खडीचा ट्रक रिकामा केल्यासारखा आवाज होतो. पण त्या वर्षी मुलांना घेऊन फिरणारे मास्तर तापानं झोपले होते आणि अर्धी मुलं आईबापांबरोबर समुद्रावर गेली होती. गुरुवारी बेकरीत कुणीतरी म्हणालं, यंदा राहू दे. घड्याळ सगळ्यांच्या फोनमध्ये आहेच. दोन-तीन माना डोलल्या.

ट्राउडलमावशी तिथेच होती. तिनं वाद घातला नाही. पाव घेतला, घरी आली, आणि शिडी लावून माळ्यावर चढली. वर बराच वेळ धडधड झाली. खाली आली ती डोक्यावर कोळ्याची जाळी आणि दोन्ही हातांत एक एक रात्शे घेऊन. एक तिचं लहानपणचं, एक नवऱ्याचं. नवऱ्याचं तिनं माझ्यापुढे धरलं.

"मी? मी तर तुमच्या धर्माची पण नाही," मी म्हटलं.

"मनगट आहे ना?" ती म्हणाली.

पहाटे बाहेर पडलो तेव्हा चौक निळा होता आणि कारंज्याच्या कडेला पातळ बर्फ. पुढे ती, मागे मी. तिनं पहिल्यांदा फिरवलं तेव्हा मला इतकी लाज वाटली की भिंतीत शिरावंसं वाटलं. झोपलेल्या गावात हा असला आवाज! वरची एक खिडकी उघडली आणि एक माणूस काहीतरी बोलला, ज्याचा अर्थ मला भाषा येत नसूनही कळला. ट्राउडलमावशीनं वर बघून त्याला नावानं हाक मारली, सुप्रभात म्हटलं आणि आणखी जोरात फिरवलं. नासपतीच्या बागांपर्यंत गेलो, वळलो, मागच्या गल्लीनं परत आलो. माझा हात खांद्यापासून दुखत होता. कितीतरी खिडक्या उघडल्याच नाहीत. दुपारी औषधाच्या दुकानातली बाई आमच्याबरोबर आली. शनिवारी दोन मुली आणि तो खिडकीतला माणूस. बस, एवढेच. मिरवणूक वगैरे काही झाली नाही. पण गाव घंटेविना राहिलं नाही, आणि शनिवारी खऱ्या घंटा परत वाजल्या तेव्हा माझ्या खोलीच्या काचा थरथरल्या आणि मी खिडकीशी उभी राहून रडले. ट्राउडलमावशी खाली अंडी रंगवत होती.

निघताना तिनं ते नवऱ्याचं रात्शे माझ्या बॅगेत कोंबलं. विमानतळावरच्या तपासनिसानं ते उघडून फिरवून पाहिलं आणि अख्खी रांग दचकली. पुढे लग्न, अमेरिका, सुमेधाचा जन्म, तीन घरं बदलणं, या सगळ्यात ते माझ्याबरोबर फिरलं. कोट ठेवायच्या कपाटात, वरच्या फळीवर, इतकी वर्षं गप्प बसून होतं.

अमोलचा फोन आला त्या आठवड्याच्या शनिवारी मी ते खाली काढलं. धूळ पुसली. सुमेधा अकरावीत आहे, नुकतंच लायसन्स मिळालंय, त्यामुळे कुठेही गाडी न्यायला तयार असते. मी तिला म्हटलं, आपल्या लोकांच्या घरी जायचंय, प्रत्येकाच्या दारात, उद्याचं सांगायला.

"मॉम, नो. यू कॅन जस्ट टेक्स्ट देम."

"टेक्स्ट केलं. सगळ्यांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं."

"नोबडी नॉक्स एनीमोअर. इट्स क्रीपी."

"मनगट आहे ना?" मी म्हटलं. तिला काही कळलं नाही, पण तिनं किल्ली घेतली.

आईसुद्धा असंच करायची. जयंतीच्या आधी घरोघरी जायची, उंबऱ्यात उभी राहायची, चहा नको म्हणायची आणि नाव घेऊन सांगायची: शांते, उद्या. नाव घेऊन सांगितलं की माणसाला नाही म्हणायला जड जातं. हे मी विसरले होते. मला हे ट्राउडलमावशीकडून परत मिळावं याची गंमत वाटली.

पहिल्याच अपार्टमेंटमध्ये बेल दाबली तर बेलच बोलली: पार्सल दाराशी ठेवा. मी बेलला म्हटलं, मी पार्सल नाही, प्रतिभाताई आहे. बेल गप्प. आत टीव्हीचा आवाज येत होता. मी पिशवीतून रात्शे काढलं आणि फिरवलं. पॅसेजमधली तीन दारं उघडली. समोरच्या दारातून कानांवर हेडफोन अडकवलेला एक मुलगा अर्ध्या चड्डीत धावत बाहेर आला. "फायर अलार्म आहे का?" सुमेधा भिंतीकडे तोंड करून हसत सुटली. तो मुलगा नांदेडचा निघाला, सचिन. युनिव्हर्सिटीत शिकायला आलेला. ग्रुपवर नव्हताच. मी सांगितलं.

"वंदना?" तो ओशाळला. "म्हणजे घरी आई करते ना, पण मला नीट येत नाही."

"येत नसली तरी चालते. मागून म्हणायची असते."

"मागून तर म्हणू शकतो," तो विचार करून म्हणाला.

पुढच्या दारात चहा, त्याच्या पुढच्या दारात दुपारची झोप. एका घरात बाई म्हणाल्या, आमचं सॉकर दहालाच असतं हो. एकानं दार उघडलंच नाही, पण पडदा हलला. अमोलच्या घरी आम्ही सगळ्यात शेवटी गेलो. तो गॅरेजमध्ये जयंतीचे बॅनर मोजत होता. माझ्या हातातलं ते लाकडी धूड बघून तो मोजता मोजता थांबला. मी ऑस्ट्रिया वगैरे काही सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, "अमोल, जयंतीला तू आहेस म्हणून ती होते. रविवार मी सोडणार नाही. उद्या खोली गेली तर माझ्या गॅरेजमध्ये घेईन, तिथे नाही जमलं तर पार्किंग लॉटमध्ये. पण काकांना सोमवार द्यायचा नाही."

"म्हणजे?"

"काकांना विचार."

"नक्की ट्राय करतो ताई," तो म्हणाला. नक्की आणि ट्राय एका वाक्यात आले की काय समजायचं ते मला माहीत होतं.

रविवारी सकाळी पाऊस पडून गेला होता. लॉटमध्ये पाकळ्यांचा चिखल आणि सुकटीचा घमघमाट. काका नेहमीचे पांढऱ्या शर्टात. सुमेधा झोपाळू डोळ्यांनी, पण आली. खोली उघडली, खुर्च्या भिंतीला लावल्या, चादर अंथरली, मूर्तीसमोर मेणबत्त्या लावल्या. दाराबाहेर आमचे तीन जोड. दहा वाजले. काकांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "थांबायचं का थोडं?"

मीही दाराकडे पाहिलं. पण ते म्हातारे आठवले, आपापल्या आसनावर, मान पुढे. "नाही काका," मी म्हटलं, "वेळ झाली."

आम्ही बसलो, दाराकडे पाठ करून, मूर्तीकडे तोंड करून. मी डोळे मिटले आणि ओळ घेतली. मागून काकांचा जाडा आवाज आणि सुमेधाचा पातळ, चाचरत. दुसरी ओळ. पुन्हा तेच दोघं. कॉरिडॉरमध्ये डेनिसच्या पावलांचा आवाज आला. ती येऊन दारापाशी थांबली. वळून बघायचा मोह मी गिळला. तिसरी ओळ घेतली आणि थांबले, चांगला एक श्वासभर, मागच्यांना म्हणायला जागा करून देत.

त्या गप्प क्षणात दाराबाहेर नाडी सुटल्याचा आवाज आला. मग वेल्क्रो ओढल्याचा. कुणाचा तरी एक बूट पटकन निघेना म्हणून भिंतीला टेकल्याचा. कुणीतरी कुजबुजलं, "यार, सरक ना." मग मागून ती ओळ उठली, एकसुरी नाही, पुढे-मागे, वेड्यावाकड्या उच्चारांची, एकाला तर ती येतच नव्हती आणि तो बाकीच्यांच्या पाठून धावत होता. काकांचा आवाज मध्येच फाटला आणि परत सावरला.

डेनिस अजून दारातच होती. मोजायचं काम तिचं. मी पुढची ओळ घेतली.